गेम ऑफ थ्रोन्स आत्ता बघायला घेतलंय: कोण कोणाचं, हे लक्षात कसं ठेवायचं?

भिंगरी

सगळं जग बघून, भांडून, शेवटच्या सीझनला शिव्या घालून मोकळं झालं, आणि मी आत्ता कुठे गेम ऑफ थ्रोन्स सुरू केलंय. २०११ ते २०१९ या काळात आमच्या टीव्हीचा रिमोट लेकाच्या ताब्यात होता, त्यामुळे मला फक्त जपानी कार्टूनमधली घराणी पाठ आहेत. आता तो दहावीत. तो अभ्यासाला (म्हणे) खोलीत आणि मी हेडफोन लावून हॉलमध्ये.

चार भाग झाले. आवडतंय, पण डोक्याचा भुगा झालाय. राजा रॉबर्ट, नेड स्टार्कचा मुलगा रॉब. जॉन ॲरिन मेला म्हणून सगळं सुरू होतं, आणि जॉन स्नो वेगळाच. नेडच्या हाताखालचा तो जोरी, पांढऱ्या केसांच्या मुलीबरोबर असतो तो जोरा आणि भिंतीवरचा म्हातारा जिओर! थिऑन स्टार्कांच्या घरात राहतो, त्यांच्यातच वावरतो, पण आडनाव ग्रेजॉय. भाचा आहे का? आणि ते पांढऱ्या केसांचे भाऊ-बहीण समुद्रापलीकडे घोडेवाल्यांच्यात काय करतायत? त्यांचा या बाकीच्या गोष्टीशी संबंध काय?

तुम्ही लोकांनी पहिल्यांदा बघताना काय केलंत? वहीत लिहून काढलंत, तक्ता केलात, की कळेल तेव्हा कळेल म्हणून बघत राहिलात? अट एकच: चौथ्या भागाच्या पुढचं चकार शब्दाने सांगायचं नाही.

तिरकस

शुभेच्छा. कोणावरही जीव लावू नका. बाकी मी काही बोलत नाही.

झोपाळू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भिंगरी

तिरकस, झालं का सुरू! अट वाचलीत ना?

वाटाड्या

भिंगरीताई, माणसं पाठ करायला जाऊ नका, जागा पाठ करा. पहिल्या सीझनमध्ये मुख्य प्रांत मोजकेच आहेत. उत्तरेला विंटरफेल, म्हणजे स्टार्कांचं घर, आणि त्याच्याही वर ती भिंत. दक्षिणेला राजधानी किंग्ज लँडिंग. समुद्रापलीकडे एसॉस. दृश्य बदललं की "हा कोण" असं विचारण्याआधी "आपण आहोत कुठे" हे विचारायचं. फरचे अंगरखे आणि करडा उजेड म्हणजे उत्तर, ऊन आणि रेशमी कपडे म्हणजे राजधानी, घोडे आणि गवताळ रान म्हणजे एसॉस. जागा कळली की तिथे असू शकतील अशी माणसं थोडीच उरतात. तुमचा जोरा-जिओरचा गुंता असाच सुटतो. दोघं मॉरमाँट, जिओर बाप, जोरा मुलगा. बाप भिंतीवरचा सरदार, मुलगा माणसं गुलाम म्हणून विकल्यामुळे परागंदा झालेला.

दुसरं, सुरुवातीचं शीर्षक वगळून पुढे जाऊ नका. बहुतेक लोक तेच करतात आणि मग विचारतात कोण कुठे आहे. तो नकाशा दर भागाला थोडा बदलतो, त्या भागातली महत्त्वाची ठिकाणंच दाखवतो. दातेरी चाकं फिरतात, बुरूज जमिनीतून वर येतात, आणि त्या ठिकाणावर ज्या घराण्याची सत्ता त्याचं चिन्ह तिथे असतं. आणखी एक, नटांची नावं येतात तेव्हा बऱ्याच नावांशेजारी बारीकसं चिन्ह असतं. लांडगा असेल तर तो नट स्टार्क, सिंह असेल तर लॅनिस्टर, तीन तोंडांचा ड्रॅगन असेल तर टारगेरियन, सांबर असेल तर बराथियन, म्हणजे राजा रॉबर्टचं घराणं. मालिकेनेच तुम्हाला तक्ता दिलाय, तो रामीन जावादीच्या संगीतावर फुकट बघायला मिळतो.

तिसरं, पांढऱ्या केसांचं. मालिका सुरू होण्याआधी साधारण सतरा वर्षं एक बंड झालं. तेव्हाचा राजा एरिस टारगेरियन, वेडा राजा म्हणतात तो. त्याने नेडच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला मारलं. नेड, रॉबर्ट आणि जॉन ॲरिन एकत्र आले, टारगेरियनांची सत्ता गेली, एरिसला त्याच्याच अंगरक्षकाने म्हणजे जेमी लॅनिस्टरने मारलं. म्हणून जेमीला राजहत्यारा म्हणतात. रॉबर्ट गादीवर बसला. व्हिसेरिस आणि डनेरिस ही त्या एरिसची वाचलेली मुलं. त्यांच्या लेखी रॉबर्ट तोतया राजा. एवढं एक बंड डोक्यात पक्कं बसलं की पहिल्या सीझनमधली निम्मी संभाषणं आपोआप लागतात, कारण तिथली मोठी माणसं जवळजवळ सगळा वेळ त्या बंडाबद्दलच बोलत असतात.

हे सगळं पहिल्या चार भागांत सांगून झालेलं आहे, त्यामुळे अट मोडलेली नाही.

केतकीचं_बन

थिऑनचं मी सांगते. भाचा नाही, ओलीस आहे. त्याच्या बापाने, बेलॉन ग्रेजॉयने, रॉबर्टविरुद्ध बंड केलं होतं, ते मोडलं आणि धाकटा मुलगा नेडने नेला. चौथ्या भागात टिरियन लॅनिस्टर त्याला यावरूनच टोचतो बघा, विंटरफेलच्या अंगणात. प्रेमाने वाढवलेला ओलीस. दहा वर्षांचं पोर ज्या घरी नेलं तिथेच मोठं होतं, भावंडांसारखं वावरतं आणि रोज आठवत राहतं की आपण यांचे नाही. मला पहिल्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त उत्सुकता याच माणसाची वाटली होती.

भिंगरी

वाटाड्या, साष्टांग! हे बंडाचं प्रकरण मी तीन वेगवेगळ्या तुकड्यांत ऐकलं होतं, पण ते एकच आहे हे लक्षातच आलं नव्हतं. केतकी, तुलाही धन्यवाद. अंगणातला तो प्रसंग आठवला.

चिंचगूळ

मी वही केली होती, आणि अजून जपून ठेवलीय. दर घराण्याला एक पान, दर पानाला वेगळी शाई. लॅनिस्टर लाल, स्टार्क काळी, टारगेरियन हिरवी (का, ते विचारू नका, तेवढीच उरली होती). रकाने चार: नाव, कोणाचा कोण, आत्ता कुठे, आणि शेवटचा "अजून आहे का". हा शेवटचा रकाना पेन्सिलने भरायचा. बायको हसायची, पण तिसऱ्या सीझननंतर तीच विचारायला यायची, "तो गुलाबवाला कोणाचा मुलगा रे?"

वही हाताने केली की नाव आपोआप डोक्यात राहतं. आयता तक्ता बघून काही राहत नाही.

लोकल_आठ_पाचची

चिंचगूळना पूर्ण अनुमोदन, पण कारण वेगळं. आयता तक्ता इंटरनेटवर शोधायचाच नाही! वंशावळ म्हणून जे जे सापडतं त्यात कोण कुठल्या सीझनला गेलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं आणि कोण खरं तर कोणाचं मूल, सगळं एकाच चित्रात असतं. मी एका पात्राचं नाव नुसतं शोधायला टाईप केलं, तर पुढे आपोआप "मृत्यू" सुचवलं. तेव्हा मी दुसऱ्या सीझनवर होतो. शिवाय एकदा शोधलं की नंतर महिनाभर व्हिडिओंची मुखचित्रं समोर येत राहतात, न उघडता सगळं कळतं.

आणि प्रत्येक भागाच्या आधी "आतापर्यंत" म्हणून जे तुकडे दाखवतात, ते पहिल्यांदा बघणाऱ्याने वगळावेत असं माझं मत. तीन सीझन न दिसलेला माणूस तिथे दिसला की समजायचं, आज हा येणार. गंमत जाते.

वाटाड्या

याच्याशी असहमत. नवख्या माणसाने ते तुकडे बघितलेच पाहिजेत. कोण कोणाशी काय बोललं होतं हे आठवायला तेवढाच आधार. ज्याला थोडं आधी कळल्याने त्रास होतो त्याने वगळावेत, पण मग "हा कोण" म्हणून विचारत बसू नये.

लोकल_आठ_पाचची

काका, ज्याला आधी कळल्याने त्रास होत नाही तो मालिका बघतोच कशाला, शेवट वाचून झोपावं की.

झोपाळू

मला बोलावलंत?

सांजवात_लीड्स

इथे यॉर्कशरमध्ये राहणाऱ्यांना एक सोय मिळते, ती सांगते. स्टार्क मंडळी उत्तर इंग्लंडच्या बोलीत बोलतात. नेडचं काम करणारा शॉन बीन मूळचा शेफील्डचा, आणि घरातल्या बऱ्याच जणांना त्याच्या वळणाने बोलायला लावलंय. लॅनिस्टर लंडनच्या बाजूचं, उच्चभ्रू इंग्रजी बोलतात. अंधारात कोण बोलतंय हे दिसत नाही (आणि अंधार पुष्कळ आहे), तेव्हा मला नुसत्या आवाजावरून कळायचं की हा उत्तरेचा. ज्यांना बोलींमधला फरक जाणवत नाही त्यांनी इंग्रजी सबटायटल चालू ठेवावीत. लाज वाटायचं कारण नाही, इथले इंग्रजही ठेवतात.

अवांतर: हेड्रियनची भिंत (रोमनांनी बांधलेली जुनी भिंत) आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. ज्या पुस्तकांवरून मालिका बनली त्यांच्या लेखकाला बर्फाच्या भिंतीची कल्पना तिथे उभं असताना सुचली, हे त्याने स्वतः सांगितलंय. प्रत्यक्षात ती कितीतरी ठिकाणी कमरेइतकीच उरलीय, मेंढ्या सहज चढतात. मालिकेतली सातशे फूट उंच!

ग्रंथाळू

सगळ्यांचं चुकतंय. पुस्तकं वाचा.

पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं. प्रत्येक प्रकरणाला ज्याच्या नजरेतून ते सांगितलंय त्याचं नाव असतं, त्यामुळे "आपण कोणाच्या डोक्यात आहोत" हा प्रश्नच येत नाही. मागे परिशिष्टात घराण्यांची यादी असते. टीव्हीवाल्यांनाही गोंधळ होईल हे कळत होतंच. पुस्तकात ग्रेजॉयांची मुलगी आशा आहे, मालिकेत ती यारा झाली, कारण ओशा नावाची एक बाई आधीच होती. जॉन ॲरिनचा मुलगा पुस्तकात रॉबर्ट, मालिकेत रॉबिन. नाहीतर भिंगरीताईंच्या यादीत अजून एक रॉबर्ट वाढला असता.

तिरकस

ग्रंथाळू, पाच पुस्तकं झाली, सहाव्याचं काय? की त्याचंही परिशिष्टच येणार?

ग्रंथाळू

हा प्रश्न विचारणं बंद केल्यापासून माझा रक्तदाब बरा आहे.

केतकीचं_बन

पुस्तकं सुंदर आहेत, पण नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नका हो. तिने विचारलंय मालिका कशी बघू, तुम्ही सांगताय चार-पाच हजार पानं वाच. शिवाय पुस्तकात मालिकेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आहेत. परिशिष्टच अर्ध्या दिवाळी अंकाएवढं!

गावरान_गणू

मला एक कळत नाही, आपल्याला नावं एकसारखी आहेत म्हणून एवढा त्रास का व्हावा? शाळेत पेशव्यांची वंशावळ पाठ केलीच ना? बाजीराव दोन, माधवराव दोन (एक सवाई), चिमाजीअप्पा पण दोन. नाना तर विचारूच नका: नानासाहेब पेशवे, नाना फडणवीस, आणि १८५७ चे नानासाहेब. कोल्हापूर-साताऱ्याच्या गाद्या धरल्या तर शिवाजी, संभाजी, शाहू किती होतील मोजा. तिथे आपण रकाने नाही आखत, "थोरले", "धाकटे", "सवाई" लावतो आणि पुढे जातो. तसंच करा. थोरला जॉन (मेलेला), धाकटा जॉन (बर्फाळ).

भिंगरी

"बर्फाळ जॉन" 😂 हे वहीत जाणार.

रोखठोक_राऊत

पेशव्यांचा विषय निघालाच आहे तर, दुसऱ्या बाजीरावाबद्दल जे शाळेत शिकवलं जातं ते

वाटाड्या

राऊत, हात जोडतो. धाग्याचं पानिपत करू नका.

झोपाळू

पानिपत म्हटलं की तोतया आलाच. या मालिकेतही तोतये आहेत, माहितीय ना? माउंटन नावाचा जो अगडबंब सरदार आहे त्याचं काम आठ सीझनमध्ये तीन वेगळ्या माणसांनी केलंय. राजाचा धाकटा मुलगा टॉमेन मध्येच बदलतो, आणि जो नवा टॉमेन येतो त्याने आधीच्या सीझनमध्ये दुसऱ्याच लॅनिस्टर पोराचं काम केलेलं असतं! मी घरी ठामपणे सांगितलं, हा तोच मुलगा, नाव बदलून आलाय, यात काहीतरी डाव आहे. दोन भाग मी त्या डावाची वाट बघत होतो.

चिंचगूळ

माझ्या वहीत त्या पोराची दोन पानं आहेत.

नवा_गडी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. हाउस ऑफ द ड्रॅगन आधी बघितलं तर? ते गोष्टीत आधी घडतं ना, डनेरिसच्या जन्माच्या १७२ वर्षं आधी. म्हणजे इतिहास क्रमाने कळेल.

केतकीचं_बन

नको नको नको. स्वागत आहे, पण नको. इथे निदान घराणी वेगवेगळी आहेत. तिथे जवळजवळ सगळे एकाच घराण्याचे, सगळ्यांचे केस पांढरे, आणि नावं राएनिरा, राएनिस, राएना. एगॉन एकापेक्षा जास्त. त्यात पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात दहा वर्षं उडी मारून दोन्ही नायिकांच्या नटीच बदलतात. बऱ्याच नावांचं वजन आधीची मालिका बघितल्याशिवाय कळतही नाही. २०११ चं आधी, २०२२ चं नंतर. ज्या क्रमाने बनवलं त्या क्रमाने.

नवा_गडी

बरं. मग माझं चुकीच्या क्रमाने झालंय म्हणायचं. मला राएनिरा-राएनिस व्यवस्थित कळल्या, पण इथे स्टार्कांची मुलं मोजता येत नाहीत.

वाटाड्या

ती पहिल्याच भागात मोजून दिलीत. लांडग्याची सहा पिल्लं सापडतात: रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकन यांना एकेक, आणि बाजूला पडलेलं पांढरं पिल्लू जॉनला. कोणाचं पिल्लू कुठे आहे ते बघत राहा, मूल चुकणार नाही.

बोलघेवडी

मी म्हणेन केसांचा रंग बघा! सगळ्यात सोपी खूण. लॅनिस्टर सोनेरी, टारगेरियन चांदीसारखे, बराथियन काळेभोर. आणि हे नीट लक्षात ठेवाच, कारण पुढे नेड जेव्हा

*(प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. धागाकर्तीची अट वाचावी. – प्रशासक)*

भिंगरी

मी अर्धाच वाचला, प्रशासकांचे आभार!! पण आता मी प्रत्येकाच्या डोक्याकडे बघत बसणार.

बोलघेवडी

अगं, मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त

लोकल_आठ_पाचची

बोलघेवडी, आयडी सार्थ केलात.

ग्रंथाळू

भिंगरीताई, तुम्हाला गोंधळ होतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. या मालिकेचा पहिला भाग दोनदा बनवलाय. आधी जो चित्रित केला तो निर्मात्यांनी ओळखीच्या लोकांना दाखवला, तर त्यांना सर्सी आणि जेमी भाऊ-बहीण आहेत हेच कळलं नाही! सगळ्या गोष्टीची खुंटीच ती, आणि तीच निसटली. मग बराचसा भाग नव्याने केला, डनेरिस आणि नेडची बायको केटलिन यांच्या नटी बदलल्या. आता जो भाग आपण बघतो त्यात राजाची स्वारी विंटरफेलला येते तेव्हा आर्या बोट दाखवून सरळ सांगते, तो जेमी लॅनिस्टर, राणीचा जुळा भाऊ. पुन्हा बघा तो प्रसंग. पोरगी घरच्यांशी बोलतेय असं दाखवलंय, पण सांगतेय ती तुम्हाला-मला.

भिंगरी

हे भारी आहे. आज रात्री पहिला भाग पुन्हा लावते, वहीसकट.

तिरकस

धागा वर काढतोय. ताई, कुठवर?

भिंगरी

नववा भाग बघितला.

तुम्ही सगळ्यांनी इतके दिवस इथे लांडग्याची पिल्लं मोजली, शायांचे रंग सांगितले, पेशवे काढले, आणि एकानेही हे सांगितलं नाही.

तिरकस

अट वाचली होती ना.

केतकीचं_बन

ये गं, बस. चहा घे. आमच्यापैकी प्रत्येकाची ती रात्र अशीच गेलीय.

सांजवात_लीड्स

इथे एपिसोड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एकाने पुस्तक वाचलेलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

भिंगरी

सीझन संपवला. आता मूळ प्रश्नावर येते, कारण नवीन येणाऱ्या कोणाला उपयोग होईल. मला वाटाड्यांचं "आधी जागा, मग माणूस" सगळ्यात जास्त कामाला आलं. पाचव्या भागात डोंगरावरचा किल्ला आला तेव्हा मी नकाशातच ओळखला, ॲरिनांचा. वही केली, पण ज्याने दोन भागांत दोनदा तोंड उघडलं त्यालाच पानावर जागा. बाकीच्यांना "दाढीवाला", "टकलू". इंटरनेटवर एकदाही काही शोधलं नाही. चिंचगूळांचा पेन्सिलीचा रकाना मात्र नववा भाग संपल्यावर मी पेनाने भरला, रागाने.

दुसऱ्या सीझनचा पहिला भाग झालाय. यात अजून माणसं आहेत!

वाटाड्या

हो, दुसऱ्यात नकाशा पसरतो. ड्रॅगनस्टोन, पाइक, हॅरेनहॉल अशी नवी ठिकाणं शीर्षकात दिसतील. आणि राजे एकदम पाच होतात, तेव्हा "राजा" म्हटलं की कुठल्या गावी म्हटलं ते बघा.

भिंगरी

ड्रॅगनस्टोन दिसलं. स्टॅनिस म्हणजे रॉबर्टचा मधला भाऊ, बरोबर? पण त्याच्याबरोबर ती लाल कपड्यांतली बाई कुठल्या घराण्याची? लाल शाई तर मी लॅनिस्टरांना दिलीय.

चिंचगूळ

कुठल्याच नाही. जांभळी घ्या, आणि पान मोठं ठेवा.